बांबूउडीतला बांबू
पोल व्हॉल्टला मराठीने ‘बांबूउडी’ म्हटले. मला हा शब्द फार आवडतो. त्यात खेळाचा इतिहासच आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्यात होणारा बांबू बहुतेक भरीव. लाठीला झकास, उडीला जड. खेळाडूंना हलका, पोकळ बांबू लागे. अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने १९४२ मध्ये बांबूवरच ४.७७ मीटरचा जागतिक विक्रम केला. पुढे फायबरग्लासचा लवचीक पोल आला. १९६२ मध्ये जॉन युल्सेसने त्यावर १६ फूट ओलांडले.

आता पोलवर वजनाचा आकडा असतो. त्याहून जड खेळाडूने तो घेतला तर मोडण्याची भीती. फार ताठ घेतला तर वाकतच नाही, उलट उडणाऱ्याला मागे धावपट्टीवर टाकतो. लांब पोल उंच नेतो खरा, पण तो उभा करण्याइतका वेग पायांत हवा. नवशिक्याच्या हाती म्हणून आखूडच पोल द्यावा.