घन की द्रव? बंधांच्या सवडीची गोष्ट

‘घन पदार्थाला स्वतःचा आकार असतो, द्रवाला नसतो,’ असे आपण वर्गात शिकवतो. १९४३ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या एका गोळ्याने ही व्याख्या अडचणीत आणली.

दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेले होते. रबराला पर्याय शोधताना जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या जेम्स राइट यांनी सिलिकोन तेलात बोरिक आम्ल मिसळले. (या शोधाचा मान डाऊ कॉर्निंगच्या अर्ल वॉरिक यांनीही सांगितला.) मिळालेला गोळा आपटला की चेंडूसारखा उसळे, हिसका दिला की तुटे; पण टेबलावर ठेवला तर काकवीसारखा पसरे. रबराच्या जागी तो निरुपयोगी ठरला. १९५० पासून ‘सिली पुटी’ या नावाने खेळणे म्हणून मात्र तो खूप खपला.

असे का व्हावे? १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांनी रबर गंधकाबरोबर तापवले, तेव्हा त्यातील बहुवारिकाच्या लांब साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधल्या गेल्या. पुटीतल्या साखळ्या बोरॉनमुळे जोडल्या जातात, पण ते बंध सतत तुटतात आणि दुसरीकडे जुळतात. आघात क्षणिक असेल तर बंधांना सुटायला सवड मिळत नाही, गोळा उसळतो. सवड मिळाली की साखळ्या सरकतात, गोळा वाहतो. म्हणजे घन की द्रव हे ठरवताना ‘किती वेळात?’ हेही विचारावे लागते.

१९४६ मध्ये ग्रीन आणि टोबोल्स्की यांनी अशा बंधांचे गणित मांडले. ताणलेला बंध तुटून नवा जुळतो, तो ताणाविना. म्हणून बंधांची संख्या तीच राहिली तरी ताण ओसरत जातो.

हे गणित आज कळीचे ठरले आहे. कायमच्या बंधांमुळे टायर टिकाऊ झाला. पण त्यामुळेच जुना टायर वितळवून नवा करता येत नाही. २०११ मध्ये पॅरिसमधील लुडविक लाइब्लर यांच्या गटाने इपॉक्सीपासून ‘व्हिट्रिमर’ बनवले. थंड असताना त्यातील बंध जवळजवळ स्थिर असतात. तापवल्यावर ते जोडीदार बदलतात, संख्या मात्र घटत नाही. त्यामुळे ते काचेसारखे पुन्हा घडवता येते. रबरालाही हे साधावे यासाठी संशोधन चालू आहे.

वर्गात पांढऱ्या गोंदात टाकणखाराचे पाणी थोडे थोडे घालून असाच गोळा करून पाहा. हळू ओढल्यास तो लांबतो, झटक्याने ओढल्यास तुटतो. पसरायला किती वेळ लागतो, हे विद्यार्थ्यांना घड्याळावर मोजू द्या. नंतर हात धुवायला सांगा.