पुनर्जन्म की जाग?

परवा ताईकडे जेवायला गेले होते. हात धुवून बसते न बसते तोच भाचा इतिहासाचा पेपर नाचवत आला. "मावशी, तूच सांग, यात काय चुकलं?" प्रश्न होता, 'रेनेसान्स' या शब्दाचा अर्थ लिहा. याने लिहिलं होतं, 'पुनर्जन्म'. बाईंनी ते लाल पेनाने खोडून वर 'प्रबोधन' लिहिलेलं. एक मार्क गेला.

खरं सांगू? शब्दापुरतं पाहिलं तर भाच्याचंच बरोबर होतं. हा शब्द इंग्रजीने फ्रेंचमधून जसाच्या तसा उचलला. 'रे' म्हणजे पुन्हा आणि 'नेसान्स' म्हणजे जन्म. मूळ लॅटिन 'नास्की', म्हणजे जन्मणे. नेशन, नेटिव्ह, नेचर ही सगळी त्याच घरातली भावंडं.

गंमत अशी की, ज्यांचा हा पुनर्जन्म झाला म्हणतात त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. लिओनार्दो दा विंची गेला १५१९ साली. जॉर्जो वासारी या चित्रकाराने कलावंतांची चरित्रं लिहिली ती १५५० साली. त्यात त्याने 'रिनाशिता', म्हणजे पुन्हा जन्मणं, हा इटालियन शब्द वापरला, पण तोही कलेपुरता. अख्ख्या युगाला हे नाव चिकटलं ते आणखी तीनशे वर्षांनी. १८५५ साली ज्यूल मिशले याने आपल्या फ्रान्सच्या इतिहासातल्या एका खंडाला ते दिलं. पाठोपाठ १८६० साली याकोब बुर्कहार्टचा इटलीतल्या रेनेसान्सवरचा ग्रंथ आला आणि नाव कायमचं झालं. इंग्रज लेखक मॅथ्यू अर्नोल्डने १८६९ साली त्याचं 'रेनेसन्स' असं इंग्रजी रूप सुचवून पाहिलं, पण लोकांनी फ्रेंचच ठेवलं.

आता पुन्हा जन्म म्हणायचं तर आधी कोणीतरी मेलेलं हवं ना! इथे मेली ती मधली हजारेक वर्षं. चौदाव्या शतकातला कवी पेत्रार्क तर त्यांना अंधारच म्हणत असे. पण बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्डची विद्यापीठं याच काळातली. दान्ते याच काळातला. इतकंच काय, तेराव्या शतकाच्या शेवटी इटलीत चष्मा निघाला तोही त्या 'अंधारात'च. १९२७ साली हॅस्किन्स या अमेरिकन इतिहासकाराने बाराव्या शतकातल्या रेनेसान्सवर पुस्तकच लिहिलं. म्हणजे मेलेला माणूस मधेच उठून बसला होता म्हणायचं!

आपल्याकडे मात्र हा शब्द आला तो जन्म सोडून. हिंदीत पुनर्जागरण, बंगालीत नवजागरण, मराठीत प्रबोधन. तिन्हींत जाग आहे. मला वाटतं, पुनर्जन्म म्हटलं की आपल्याला चौऱ्यांशीचा फेराच आठवतो. त्यातून सुटायचं असतं, त्याचा आनंद कसला? प्रबोधन म्हणजे जागं होणं, जागं करणं. केशव सीताराम ठाकरे यांनी १९२१ साली पाक्षिक काढलं त्याचं नावही 'प्रबोधन', आणि त्यावरून ते प्रबोधनकार झाले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून हा शब्द आपल्या घरात आहे. कार्तिकातली प्रबोधिनी एकादशी! आषाढात झोपलेला देव त्या दिवशी उठतो. तो झोपलेला असताना आपण काय करतो? पेरलेलं पीक वाढवतो, गणपती बसवतो, दसरा-दिवाळी करतो. देव झोपला म्हणून घर काही थांबत नाही.

युरोपातली ती हजार वर्षं मला अशीच एका लांबलेल्या चातुर्मासासारखी वाटतात.

आमच्या घरातही असा एक रेनेसान्स सांगितला जातो बरं का. आबा मुंबईला गिरणीत लागले आणि घर वर आलं, अशी ती गोष्ट. त्याआधी गावी एकटीने शेत आणि तीन पोरं सांभाळणारी आजी तिच्यात कुठेच नसते. आईला पहिली अक्षरं तिने चुलीपुढे, कोळशाने जमिनीवर गिरवून दिली होती. मामालोकहो, पुढच्या वेळी गोष्ट सांगाल तेव्हा तिथून सुरुवात करा.

असो. भाच्याला म्हटलं, अर्थ तुझा बरोबर, पण शब्द बाईंचा जास्त चांगला. तो म्हणाला, "मग अर्धा मार्क तरी?"