देगूचे अंथरूण आणि लाकडाचा वास

इतिहासाची पुस्तके गाद्यांबद्दल पुष्कळ सांगतात, पण त्या राज्य करायच्या गाद्या. झोपायच्या गादीचा इतिहास फारसा कुणी लिहीत नाही, आणि पिंजऱ्यातल्या प्राण्याच्या अंथरुणाचा तर नाहीच. मी त्या वाटेला गेलो तो माझ्या भाचीमुळे. ती अमेरिकेत असते, तिने घरी तीन देगू पाळले आहेत. मध्यंतरी फोनवर म्हणाली, "मामू, दुकानात सीडरच्या लाकडाचा भुसा मिळतोय. वास काय सुंदर आहे! पिंजऱ्यात घालू का?" मला काहीच माहीत नव्हते, म्हणून वाचायला बसलो. वाचता वाचता लक्षात आले की या लहानशा प्रश्नामागे विज्ञानाच्या इतिहासातला एक मोठा घोटाळा दडलेला आहे.

आधी देगूची ओळख. उंदराहून मोठा, गिनीपिगहून लहान, तपकिरी अंगाचा, शेपटीच्या टोकाला ब्रशसारखा झुबका असलेला हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या चिलीचा. गिनीपिग आणि चिंचिला हे त्याचे भाऊबंद. रात्री नव्हे, दिवसा जागणारा. युरोपच्या शास्त्रीय पुस्तकांत त्याची नोंद केली ती हुआन इग्नासिओ मोलिना या चिलीतच जन्मलेल्या जेझुइट पाद्र्याने. १७६७ साली स्पेनच्या राजाने जेझुइटांना आपल्या मुलखातून हाकलले, त्यात मोलिनाही गेला आणि इटलीत बोलोन्याला स्थायिक झाला. तिथे परक्या भाषेत, इटालियनमध्ये, त्याने आपल्या सुटलेल्या देशाच्या निसर्गाचे पुस्तक लिहिले. ते १७८२ साली छापले गेले. त्यात देगू आहे, पण मोलिनाने त्याला खारींच्या जातीत बसवले. झुबकेदार शेपटी पाहून कुणीही तेच केले असते. पुढे १८३२ मध्ये लंडनच्या बेनेटने त्याला स्वतंत्र घर दिले आणि 'ऑक्टोडॉन' असे नाव ठेवले, कारण त्याच्या दाढांचा आकार इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दिसतो. दोनच वर्षांनी डार्विन चिलीत पोचला. मध्य चिलीत कुंपणांत आणि झुडपांत हे प्राणी शेकड्यांनी दिसतात, असे त्याने नोंदवून ठेवले आहे.

ही झुडपे महत्त्वाची आहेत. मध्य चिलीच्या त्या प्रदेशाला मातोराल म्हणतात: काटेरी झाडे, मधूनमधून गवत, हिवाळ्यात पाऊस आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. देगू तिथे कुटुंबकबिल्यासह बिळे खोदून राहतात. एका बिळात अनेक माद्या राहतात, एकमेकींची पिल्ले पाजतात. (आमच्या आजीच्या वाड्यात याहून वेगळे काही नव्हते.) बिळाच्या तोंडाशी काटक्या, दगड, वाळके शेण यांचा ढीग रचून ठेवतात. आत निजायला वाळलेले गवत. म्हणजे देगूचे मूळ अंथरूण माती आणि गवताचे. राळेचा, तेलाचा उग्र वास असलेल्या लाकडात निजण्याचा प्रसंग त्याच्यावर आला तो माणसाच्या पिंजऱ्यात आल्यावर.

आता त्या घोटाळ्याकडे येतो. यात देगू नाहीत, उंदीर आहेत. विसाव्या शतकात औषधांची चाचणी लाखो उंदरांवर होऊ लागली. एवढ्या उंदरांच्या मुतारीचा वास म्हणजे कठीण काम. त्यावर स्वस्त तोड निघाली: सुतारकामातून निघणारे लाकडाचे छिलके. त्यातही रेड सीडरचे लाकूड अमेरिकेत आवडते. त्याच्या वासाने कसर लागत नाही, किडे पळतात, म्हणून कपड्यांच्या पेट्या त्याच्याच करायच्या. जुन्या पेन्सिलींना जो गोडसर वास यायचा तो याच झाडाचा. जाता जाता सांगतो, हे झाड नावाने सीडर असले तरी खरे सीडर नव्हे, ज्युनिपर आहे. खरा सीडर म्हणजे आपला हिमालयातला देवदार.

त्या काळी औषधांच्या चाचणीत एक सोपा प्रयोग असे. उंदराला हेक्झोबार्बिटल हे झोपेचे औषध टोचायचे आणि तो किती वेळ झोपतो ते घड्याळ लावून मोजायचे. यकृत जितक्या लवकर औषध फोडून बाहेर टाकेल तितक्या लवकर उंदीर जागा होणार. पण वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे जुळेनात. औषध तेच, मात्रा तीच, तरी झोप कमी-जास्त. १९६६ साली फर्ग्युसन या संशोधकाने दाखवले की रेड सीडरच्या छिलक्यांवर ठेवलेले उंदीर लवकर जागे होतात. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, एलियट व्हेसेल यांचा लेख 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यांनी यकृतातली औषध फोडणारी तीन विकरे मोजली. रेड सीडर, पांढरा पाइन आणि पाँडेरोसा पाइन यांच्या भुशावर राहणाऱ्या उंदरांत आणि घुशींत ती वाढलेली निघाली. त्याच प्राण्यांना बीच, बर्च आणि मेपल या कठीण लाकडांच्या मिश्र भुशावर हलवले तेव्हा ती पुन्हा उतरली.

म्हणजे ज्या वासाला आपण स्वच्छता समजत होतो, त्याला उंदराचे यकृत विष समजत होते आणि रात्रंदिवस ते निस्तरण्याचे जादा काम करत होते. व्हेसेल यांनी लिहिले की वेगवेगळ्या संशोधकांचे निष्कर्ष जुळत नाहीत त्याचे एक कारण हेही असू शकते. जरा विचार करा, किती औषधांचे आकडे अंथरुणाने बिघडवले असतील!

मला यातली एक गोष्ट टोचते. उंदीर कितीतरी वर्षे त्या भुशावर निजत होते. तो भुसा त्यांच्या शरीरात काय करतो आहे, हे कळले ते त्यांची कुणाला काळजी वाटली म्हणून नव्हे. आपले आकडे चुकत होते म्हणून. पुढे दुकानदारांच्या पाकिटांतून तोच सुगंधी भुसा घरोघरच्या हॅमस्टर, गिनीपिग आणि देगूंच्या पिंजऱ्यात गेला. घरी घड्याळ लावून झोप मोजणारा कुणी नसतो, आणि पाकीट उघडताच येणाऱ्या वासावर विकत घेणारा माणूस खूश होतो.

या कहाणीला एक फाटाही आहे, तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. उंदरांची एक जात होती, अमेरिकेत तिच्यात जवळजवळ प्रत्येकाला गाठी व्हायच्या. तीच जात ऑस्ट्रेलियात नेली तर गाठी फारच थोड्या. १९७३ साली तिथल्या साबिन आणि सहकाऱ्यांनी हे जाहीर केले आणि बोट दाखवले ते अमेरिकन सीडरच्या भुशाकडे आणि खाद्याकडे. खळबळ उडाली. मग १९७५ मध्ये अमेरिकेतल्या हेस्टन यांनी मुद्दाम तपासून पाहिले, तर सीडरचा तसा परिणाम त्यांना दिसला नाही. तेव्हा "सीडरने कॅन्सर होतो" असे जे ठणकावून सांगितले जाते ते सिद्ध झालेले नाही. यकृतावरचा परिणाम मात्र पक्का आहे. पश्चिमेकडच्या दुसऱ्या एका लाल सीडरच्या धुळीने लाकूड गिरण्यांतल्या कामगारांना दमा होतो, हेही पक्के आहे; त्याला प्लायकॅटिक आम्ल हे कारण सापडले आहे. गिरणीतला मजूर संध्याकाळी घरी तरी जातो, पिंजऱ्यातला प्राणी त्याच धुळीत चोवीस तास नाक खुपसून असतो.

म्हणून भाचीला सांगितले: सीडर नको, आणि वास येणारा पाइनही नको. भट्टीत वाळवलेल्या पाइनमधले उडून जाणारे तेल बरेच कमी होते, तरी दुसरे काही मिळत असताना त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. दुसरे काय? अ‍ॅस्पेन. हे पॉप्लरच्या घरातले झाड, त्यात ती राळ आणि तेले नसतात. छिलके मोठे घ्यावेत, बारीक धुळीचा भुसा नाही. कोऱ्या कागदाच्या लगद्याचे अंथरूणही चालते, ओल चांगली शोषते. आणि वर भरपूर वाळलेले गवत, जे निजायलाही होते आणि खायलाही.

खाण्याचा मुद्दा देगूच्या बाबतीत इतर कुणाहून जास्त मोठा आहे. अंथरूण म्हणून जे घालाल ते तो कुरतडणार, हे धरूनच चालावे. त्याचे इन्सुलिन इतर बहुतेक सस्तन प्राण्यांपेक्षा वेगळ्या घडणीचे आहे, साखर त्याला झेपत नाही, मधुमेह होतो आणि डोळ्यांत मोतीबिंदू येतो. त्यामुळे मक्याच्या बुरकुंडांचे दाणेदार अंथरूण, जे पक्ष्यांच्या पिंजऱ्यात खपते, ते इथे नको. ते गिळले तर आतडे तुंबू शकते. शिवाय ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांना २००२ च्या सुमारास आढळले की मक्याच्या बुरकुंडातले एक द्रव्य घुशींच्या हार्मोनमध्ये आणि प्रजननात ढवळाढवळ करते. पुन्हा तेच: प्रयोग बिघडले, तेव्हा अंथरुणाकडे लक्ष गेले.

मांजरांसाठी मिळणारी गोळा होणारी माती वर्ज्य, पोटात गेली की तिथेही गोळा होते. 'घरट्यासाठी' म्हणून विकतात तो मऊ कापूसही वर्ज्य, त्याचे तंतू पायांना गुंडाळून रक्त अडते. नुसती तारेची जाळी तळाला ठेवू नये, तळवे सोलून पायांना गळवे होतात. अंथरूण निदान वीतभर जाड हवे, कारण देगूला निजण्याइतकेच खोदणेही लागते. अंघोळीची बारीक वाळू वेगळ्या भांड्यात द्यावी, रोज थोडा वेळ. त्या वाळूत लोळून तो अंगावरचे तेल काढतो.

भाचीचा शेवटचा प्रश्न होता की दर आठवड्याला सगळे काढून पिंजरा धुवून काढावा का. नाही. ओला झालेला कोपरा तेवढा लवकर बदलावा, एरवी कोरड्या मुलखातला प्राणी आहे, फार ओल करत नाही. मोठी सफाई केली तरी जुन्या कोरड्या गवताची एक मूठ नव्यात मिसळून परत ठेवावी. देगू आपले कुटुंब वासानेच ओळखतात. तो वास एकदम धुऊन टाकला की कधी कधी एकमेकांतच भांडणे लागतात.