चार पायांचा नॉमिनी

आपल्याकडे कोणालाही, कुठेही, फारशी ओळख नसताना विचारता येतील असे दोन प्रश्न आहेत. पहिला 'पगार किती?' आणि दुसरा 'मुलं किती?' पहिल्या प्रश्नाला थाप मारता येते. दुसऱ्याला येत नाही, कारण मुले मोजता येतात. अशा वेळी एखाद्या जोडप्याने 'मुलं नाहीत, पण घरी मोत्या आहे' असे सांगितले, की विचारणाऱ्याचा चेहरा खोटी नोट हातात आलेल्या कॅशियरसारखा होतो. तो ते उत्तर उजेडात धरून पाहतो.

मी मौद्यात बँकेत कारकून आहे. कन्हान नदीच्या काठचे, नागपूर-भंडारा रस्त्यावरचे हे गाव. भोवती भाताची शेते, आणि आता २,३२० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र. विजेबरोबर नवी माणसे आली आणि माणसांबरोबर साखळीला बांधलेली कुत्रीही आली. संध्याकाळी अशी एखादी जोडी कुत्र्याला घेऊन फिरायला निघाली, की पानठेल्यावर निकाल लागतो : "काय जमाना आला बाप्पा! लोकं पोट्टे सोडून कुत्रे पोसून रायले!"

आता मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. इतिहासाचा आणि माझा संबंध दहावीलाच सुटला, आणि त्याबद्दल आम्हा दोघांनाही दुःख झाले नाही. पण जुनी खाती काढून पाहायची सवय नोकरीने लावली. म्हणून म्हटले, हा जमाना नेमका कधी आला ते तरी पाहावे.

पहिले खाते निघाले ते शेजारच्या रामटेकचे. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी म्हणजे आमचे रामटेक, असे मत म. म. वा. वि. मिराशी यांनी मांडले. त्या काव्यातला यक्ष वर्षभराची शिक्षा भोगत इथल्या डोंगरावर बसला आहे. बदलीच्या गावी एकटा राहणारा आमचा कोणताही सहकारी असाच दिसतो; फक्त त्याच्याजवळ मेघाऐवजी मोबाईल असतो. तर हा यक्ष मेघाला आपल्या घराच्या खुणा सांगतो. त्यात काय काय आहे? दारात मंदाराचे एक लहान झाड आहे, आणि ते यक्षाच्या बायकोने मानलेल्या मुलासारखे वाढवले आहे. एक मोर आहे, त्याला ती संध्याकाळी बांगड्यांच्या तालावर टाळ्या वाजवून नाचवते. पिंजऱ्यात सारिका आहे, तिच्याशी ती नवऱ्याच्या गोष्टी बोलते. झाड, मोर, मैना सगळे आहे. मुलाचा मात्र पत्ता नाही. दीड हजार वर्षे झाली, पण 'मग डॉक्टरला दाखवलं का?' असे त्या मेघाने विचारल्याची नोंद नाही. ढगाला जे कळते ते पानठेल्याला कळत नाही.

दुसरे खाते भागवतातले. भरत राजाने राज्य सोडले, पाच मुलगे सोडले आणि तो वनात तपाला बसला. तिथे आई मेलेले हरणाचे एक पाडस नदीतून वाहत आले, ते त्याने उचलले. मग काय! त्याला चारा, त्याला पाणी, ते दिसले नाही की जीव कासावीस. तप राहिले बाजूला. मरतानाही ध्यान हरणातच, म्हणून पुढला जन्म हरणाचा मिळाला. गोष्ट सांगणारे तात्पर्य काढतात ते आसक्तीचे. मला त्यात दुसरेच दिसते. पाच मुलांचा बापही कोणाला तरी आपली गरज असावी म्हणून इतका आसुसलेला असतो. मुले मोठी होतात, राज्य सांभाळतात. पाडस मात्र आपल्याच हातचे गवत खाते.

मग आपल्याकडे मुलगा हवाच, हा हट्ट आला कुठून? त्याचे उत्तर शोधायला नागपूरला जावे लागते. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. औरस मुलगा नव्हता, दत्तक घेतलेला नव्हता. लॉर्ड डलहौसीने १८४८ मध्ये सातारा याच हिशेबाने घेतला होता. १८५४ मध्ये त्याने नागपूरही घेतले. एका पाळण्याची उणीव, आणि अख्खे राज्य खालसा! राण्यांनी मागाहून दत्तक घेतला, पण मुदत संपल्यावर भरलेल्या हप्त्यासारखी त्याची गत झाली. पुढे सरकारने त्या दत्तकाला किताब दिला, देऊरची जहागीर दिली, राज्य दिले नाही. आणि भोसल्यांच्या पदरच्या हत्ती-घोड्या-बैलांचे काय झाले? सीताबर्डीत लिलाव! मुलगा नसला की पाळलेली जनावरेही राहत नाहीत, असा धडा नागपूरकरांना सरकारने हातोडा आपटून दिला.

राजाचे हे, तर कुणब्याचे काय? त्याला वारस हवा राज्याला नव्हे, नांगराला. म्हातारपणी भाकरीला. मेल्यावर पिंडाला. पेन्शन नाही, विमा नाही, बँक नाही. मूल हीच मुदत ठेव. आणि बालमृत्यू इतके, की एकाच पावतीवर भरवसा ठेवायची सोय नव्हती. म्हणून लोक सहा-सात पावत्या करीत. ज्या बाईची एकही झाली नाही तिला मात्र बारशाला बोलावत नसत. हिशेबातली तूट तिच्याच नावावर पडे.

हा हिशेब पहिल्यांदा उघड बोलून दाखवला तो एका गणिताच्या प्राध्यापकाने, हे मला फार आवडते. धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मारी स्टोप्सबाईंनी आपले काढले. म्हणजे या एका बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. रघुनाथराव आणि मालतीबाईंनी मूल होऊ द्यायचे नाही असे ठरवले, आणि ते पाळलेही. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले, नोकरी गेली, खटले झाले, पैसा कधी जमला नाही. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मूल हवे की नको हे बाईला ठरवता आले पाहिजे, एवढेच तर त्यांचे म्हणणे होते. १९५३ साली रघुनाथराव गेले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५२ मध्ये, कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम झाला होता. ज्या गोष्टीसाठी त्यांना कोर्टात खेचले, ती पुढे लाल त्रिकोणासह एस. टी.च्या पाठीवर रंगवली गेली.

आणि लोकांनी ती ऐकली! १९९२-९३ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी २.९ मुले होती, २०१९-२१ मध्ये १.७. 'आम्ही दोन आमचे दोन' हे गणितही आता महाग पडते. २००१ पासून तर भटक्या कुत्र्यांच्या संततिनियमनाचेही नियम आहेत, २०२३ मध्ये ते नव्याने झाले. तेव्हा कुटुंबनियोजनाच्या कक्षेत आता घरची दोन पायांची आणि दारची चार पायांची, अशी दोन्ही मंडळी आली.

जगभर हेच. २०२२ च्या जानेवारीत तेव्हाचे पोप फ्रान्सिस म्हणाले, की मुलांच्या जागी कुत्री-मांजरी पाळणे हा स्वार्थ आहे. खुद्द पोपसाहेबांना मुले नसणार, हा भाग सोडा. पण त्यांनी नाव घेतले होते पशुपक्ष्यांना भावंडे म्हणणाऱ्या संत फ्रान्सिसचे! आपल्याकडे रतन टाटा अविवाहित राहिले, मुंबईतल्या बॉम्बे हाऊसमध्ये त्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांना हक्काची खोली दिली. २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा टिटो या कुत्र्याच्या सांभाळाची तरतूद मृत्युपत्रात असल्याचे सगळ्या वर्तमानपत्रांत आले. त्यांना स्वार्थी म्हणायला पानठेल्यावरही कोणी धजले नाही. श्रीमंताचा कुत्रा म्हणजे दया, गरिबाचा म्हणजे राखण, आणि मध्यमवर्गीयाचा तेवढा 'जमाना'!

माझ्या खिडकीवर दोन्ही प्रकारची माणसे येतात. वीजकेंद्रातले एक तरुण जोडपे आहे. दोघांच्या पाळ्या वेगळ्या, दोघांचे आईवडील दोन टोकांच्या गावी. "आम्ही विचार करून ठरवलंय," बाईंनी शांतपणे सांगितले, जसे कर्जाची मुदत सांगावी. आणि एक शेतकरी म्हातारा-म्हातारी आहेत, त्यांनी काहीच ठरवले नव्हते. ठरवणारा दुसराच होता. आजोबा नॉमिनेशनचा फॉर्म पुढे सारून म्हणाले, "साहेब, मोत्याचं नाव लिवा न."

बँकेत नॉमिनेशनची सोय १९८३ च्या कायदादुरुस्तीने आली, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात. चार चालतात, चार पायांचा चालत नाही. नॉमिनी माणूसच लागतो. मी तसे समजावले, मोत्याला सांभाळील अशा पुतण्याचे नाव सुचवले. आजोबा हिरमुसले. आजी मात्र म्हणाल्या, "तरुणपनी मले कोनी बारशाले बोलवत नोव्हते भाऊ. आता शेतातून आली का दारात कोनीतरी वाट पाहून रायते. नाव नसन लिवत तं नका लिऊ."

त्या दिवशी माझी कॅश जुळायला वेळ लागला. मुलांऐवजी जनावर, हा 'ऐवजी' शब्दच मला चुकीच्या रकान्यात पडलेला वाटतो. कोणी ठरवून मूल होऊ देत नाही, कोणाला होत नाही, कोणाची मुले पुण्याला आणि परदेशात. माया मात्र तिघांचीही शिल्लक राहते. आणि शिल्लक कुठेतरी गुंतवावीच लागते. यक्षिणीने ती मंदारात गुंतवली, भरताने पाडसात, रघुनाथरावांनी एका तोट्यातल्या मासिकात.

बँकेत लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात साहेबांनी एक नियम पाठ करून घेतला होता : दुसऱ्याच्या खात्यात किती आहे ते विचारायचे नाही, आणि ठाऊक असले तरी चारचौघांत बोलायचे नाही. नियम बँकेचा आहे; पण पानठेल्यावर फळा करून टांगायला माझी हरकत नाही.