सदाफुलीचा दुसरा गुण

वेळणेश्वरसारख्या किनारी गावात सदाफुली मुद्दाम लावावी लागत नाही. जांभ्याच्या चिऱ्यांच्या फटीतही ती उगवते. मूळची मादागास्करची ही वनस्पती आपल्या अंगणांत इतकी रुळली आहे की तिचे परकेपण कुणाच्या ध्यानीही येत नाही. कर्करोगावरील औषधांच्या इतिहासात तिला मोठे स्थान आहे, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. तो इतिहास प्रत्यक्षात सुरू झाला मात्र एका दुष्परिणामापासून, आणि हे सहसा सांगितले जात नाही.

जमैकात मधुमेहावर या पानांचा काढा घेत. १९५२ साली ही पाने कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्याकडे पोहोचली. त्यांच्या प्रयोगशाळेत उंदरांची साखर काही उतरली नाही. उतरल्या त्या रक्तातील पांढऱ्या पेशी, आणि उंदीर जंतुसंसर्गाने मेले. एरवी असा अर्क फेकूनच दिला गेला असता. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी नेमका हा अपाय धरून ठेवला, आणि १९५८ साली व्हिन्ब्लास्टिन जगापुढे आले. तिच्याच पानांतून निघालेल्या व्हिन्क्रिस्टिनला अमेरिकेत १९६३ साली मान्यता मिळाली. (पाने चघळून यातले काहीही साधत नाही. शेकडो किलो सुक्या पानांतून हाती येते ते ग्रॅमभर औषध, आणि तेही शिरेतूनच द्यावे लागते.)

'दुष्परिणाम' हा आपला शब्द निवाडा देऊन मोकळा होतो, तर इंग्रजीतून आलेला 'साइड इफेक्ट' त्याला बाजूला सारतो. महिनोन्‌महिने सुया घेणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही अपुरे आहेत. ट्यूमर त्याला दिसत नाही. त्याला जाणवतात ती बधिर झालेली बोटे.

व्हिन्क्रिस्टिन नसांना इजा करते. बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, सदऱ्याची बटणे लागत नाहीत, पाऊल उचलताना लोंबते, बद्धकोष्ठ जडते. ज्या घरात सुपारी सोलणे, वाती वळणे, मासळी साफ करणे ही रोजची कामे, तेथे बोटांची जाणीव जाणे म्हणजे अर्धा संसार हातून निसटणे. जांभ्यावर अनवाणी चालणाऱ्याला तर तळव्याला झालेली जखम रक्त दिसेपर्यंत कळत नाही.

रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांसाठी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात (स्थापना १९४१) ऐंशीच्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने एक नवी उपचारपद्धती सुरू झाली. तिच्यात व्हिन्क्रिस्टिन होतेच. पहिल्या वर्षांत काही मुले रोगाने नव्हे, तर उपचाराच्या काळात जंतुसंसर्गाने व रक्तस्रावाने दगावली. पुढे हे मृत्यू घटले, त्यात सुधारलेल्या आधारोपचारांचा वाटा मोठा: तापावर तातडीची प्रतिजैविके, रक्तबिंबिका, स्वच्छता, आहार. नव्या औषधाच्या शोधाइतकाच हाही इतिहास आहे. पण त्यात एकच एक नायक सापडत नाही, म्हणून बहुधा तो लिहिला जात नाही. नव्वदच्या दशकात उलटी आवरणारे ओन्डान्सेट्रॉन आणि पांढऱ्या पेशी वाढवणारे फिल्ग्रास्टिम आले. त्यांच्यामुळे कितीजणांनी उपचार अर्ध्यावर सोडले नाहीत, याचा विचार आपण क्वचितच करतो.

आणि येथेच गावाचा नकाशा वैद्यकात शिरतो. सुई टोचली जाते शहरात. पांढऱ्या पेशी तळ गाठतात त्या साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी, म्हणजे रुग्ण घरी परतल्यावर. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली खरी, पण ती चिपळूणवरून जाते. वेळणेश्वरहून तेथवर घाटवळणांचा रस्ता उरतोच. रात्री आलेला ताप सकाळच्या एस.टी.साठी थांबवता येत नाही. अंगारा, काढा, 'उद्या बघू' हे एरवीच्या तापाला चालून जाते. या तापात काही तासही महागात पडू शकतात. म्हणून थर्मामीटर घरात हवा, नेणारे वाहन आधी ठरलेले हवे, आणि कोणत्या रुग्णालयात जायचे ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून लिहून ठेवलेले हवे.

नसांच्या बाबतीत साधने अजूनही तोकडी आहेत. मुंग्या किंवा लोंबते पाऊल वेळेवर सांगितले तर डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा औषध थांबवतात. पोट साफ राहण्याचे औषध मात्र बहुधा पहिल्या सुईबरोबरच सुरू होते. पुष्कळदा बधिरपणा महिन्यांनी ओसरतो, काहींचा उरतो. बोटे बधिर झाल्याचे रुग्ण सांगत नाहीत, कारण सांगितले तर औषध बंद होईल आणि रोग परत येईल, ही भीती. ती भीती निराधार नाही, आणि तिच्याशी बोलणे हेही उपचारांतच मोडते. तोवर अंगणातही चपला घालायच्या, रोज संध्याकाळी तळवे उजेडात तपासायचे, आणि विळी दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची.