पोहोच कोणाची मोजायची?

इंटरनेटमधली विषमता आपल्याला नवी वाटते. तिची मुळं मात्र टेलिफोनच्या काळात आहेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने नेमलेल्या मेटलंड आयोगाने १९८४ च्या अहवालात एक हिशोब मांडला. जगात ६० कोटी टेलिफोन, आणि त्यांतले तीन चतुर्थांश नऊ प्रगत देशांत! पुढच्या शतकाच्या सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक माणसाला टेलिफोन सहज गाठता यावा, हे आयोगाने उद्दिष्ट ठरवलं. घरोघरी असावा असं म्हटलेलं नाही. गाठता यावा, एवढंच.

आपल्याकडे हे काम नाक्यावरच्या एसटीडी-पीसीओने बरंचसं केलं. पैसे मोजा, बोला. फोन मागायला घरातल्या कोणाची परवानगी लागत नसे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढे मोबाइल आला, बूथ ओस पडले. मग आपण टॉवर आणि जोडण्या मोजू लागलो. पण फोन घरात असणं वेगळं आणि आपल्या हातात असणं वेगळं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) इंटरनेट कधी ना कधी वापरलेले पुरुष ५७ टक्के निघाले, स्त्रिया ३३ टक्के. एकाच घरात, एकाच टॉवरखाली हे अंतर पडतं.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की संपर्काच्या धोरणाने गाव मोजून थांबू नये. उंबरठ्याच्या आत फोन कोणाच्या हाती आहे, तेही विचारावं.