अर्थशास्त्राचा पहिला वर्ग : विद्यार्थ्यांचे अभिप्राय आणि त्यांची भाषा

महाविद्यालयीन अर्थशास्त्राच्या प्रारंभिक वर्गाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास एका चमत्कारिक अडचणीला तोंड द्यावे लागते. विद्यापीठांची दप्तरे बोलकी असतात. नेमलेले ग्रंथ, प्रश्नपत्रिका, उत्तीर्णांच्या याद्या, प्राध्यापकांच्या नेमणुका आणि त्यांचे वेतन हे सारे त्यांत सापडते. वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला त्या विषयाविषयी आणि तो शिकवणाऱ्याविषयी काय वाटले, हे टिपून ठेवण्याचे मात्र या दप्तरांना प्रयोजन नव्हते. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रमाणन परिषदेची स्थापना १९९४ साली झाली आणि पुढे विद्यार्थ्यांकडून अभिप्रायपत्रे भरून घेण्याची रीत महाविद्यालयांत रूढ झाली. तत्पूर्वीचा विद्यार्थ्यांचा अभिप्राय शोधायचा तर तो चरित्रांत, थट्टेने पडलेल्या टोपणनावांत, निरोपाच्या भाषणांत आणि ग्रंथांच्या भूमिकांतील ऋणनिर्देशांत शोधावा लागतो. हा पुरावा मुख्यतः वाङ्मयीन आहे, आणि म्हणून त्याला वाङ्मयाचे संकेतही लागू होतात.

हा पुरावा एकत्र ठेवून पाहिला असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. वसाहतकालीन विद्यार्थी प्राध्यापकाविषयी मत बाळगत होता. विषयाविषयी मत बाळगण्यासाठी त्या विषयाचे शब्द स्वभाषेत असावे लागतात, आणि ते शब्द बहुतांशी वर्गाबाहेर घडले. या विधानाची पडताळणी जेथे महाविद्यालयीन वर्गच नव्हता अशा एका गावापासून सुरू करणे सोयीचे ठरेल.

रायपूर शहरातील बुढापारा ही बूढा तलावाच्या काठची जुनी वस्ती. छत्तीसगढीत पारा म्हणजे मोहल्ला. नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, १८७७ च्या सुमारास वडिलांसमवेत येथे राहावयास आले. त्या काळात त्यांचे शिक्षण शाळेत न होता घरीच, वडिलांशी आणि त्यांच्याकडे येणाऱ्या मंडळींशी होणाऱ्या चर्चांतून झाले, असे चरित्रकार सांगतात. याच बुढापाऱ्यात आज माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. सप्रे (१८७१–१९२६) हे मराठी घरात जन्मलेले आणि हिंदीत लिहिणारे गृहस्थ. त्यांचे माध्यमिक शिक्षण रायपुरात झाले; हिंदीची गोडी त्यांना तेथील शिक्षक नंदलाल दुबे यांनी लावली. पदवीसाठी मात्र गाव सोडणे प्राप्त होते. रायपुरात पदवीचे शिक्षण देणारे छत्तीसगढ महाविद्यालय निघाले ते १९३८ मध्ये. त्याआधीच्या पिढ्यांनी जबलपूर, नागपूर, अलाहाबाद अशा वाटा धरल्या. सप्रे कलकत्ता विद्यापीठाचे बी. ए. झाले.

पदवी घेऊन परतलेल्या या विद्यार्थ्याने जानेवारी १९०० पासून पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले. रामराव चिंचोलकर सहसंपादक होते आणि वामन बळीराम लाखे प्रकाशक. तिघेही मराठी, मासिक हिंदी. ते १९०२ अखेर बंद पडले. हिंदी साहित्याच्या इतिहासात त्याची नोंद प्रामुख्याने पुस्तक-परीक्षणांसाठी आणि सप्र्यांच्या ‘एक टोकरी भर मिट्टी’ या १९०१ च्या कथेसाठी घेतली जाते. गरीब विधवेची झोपडी बळकावू पाहणाऱ्या जमीनदाराची ही कथा हिंदीतील आरंभीच्या कथांपैकी एक मानली जाते. जमीन, मालकी आणि बेदखली हा तिचा विषय आहे, याकडे मात्र कथेच्या अग्रपूजेचा वाद घालणाऱ्यांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने शास्त्रीय परिभाषेचा हिंदी कोश हाती घेतला, तेव्हा त्यातील अर्थशास्त्राच्या शब्दांचे काम सप्र्यांकडे आले. श्यामसुंदर दास यांच्या संपादनाखाली तो कोश १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. सप्र्यांनी या विषयावर एक स्वतंत्र पुस्तकही लिहिले होते. ते छापले गेले नाही. हस्तलिखित त्यांनी महावीरप्रसाद द्विवेदी यांच्या हाती दिले. द्विवेदींचे ‘सम्पत्तिशास्त्र’ १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच्या भूमिकेत सप्र्यांच्या या हस्तलिखिताचा उल्लेख आहे. हिंदी वाचकाला अर्थशास्त्राची पहिली विस्तृत ओळख ज्या ग्रंथाने करून दिली, त्याच्या पायाशी छत्तीसगढातील एका मराठी पदवीधराची अप्रकाशित वही आहे, हे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या वहीला मी विद्यार्थ्याचा अभिप्राय म्हणतो. जो विषय इंग्रजीत होता तो आपल्या लोकांच्या भाषेत मांडला पाहिजे, असे ज्याला वाटते त्याने त्या विषयाच्या महत्त्वाविषयी आणि तो शिकवण्याच्या प्रचलित रीतीविषयी आपले मत दिलेलेच असते. प्रकाशक लाख्यांनी तेच मत निराळ्या मार्गाने व्यक्त केले. १९१३ साली रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक उभी करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. गावात अर्थशास्त्राचा पदवीवर्ग यायला त्यानंतर पंचवीस वर्षे लागली.

सप्र्यांना हिंदीत जे करावे लागले त्याचा आरंभ मराठीत अर्धशतक आधी झाला होता. लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ चे, हरि केशवजी यांचे ‘देशव्यवहारव्यवस्था’ १८५४ चे आणि कृष्णशास्त्री चिपळूणकर यांची, मिलच्या आधाराने रचलेली, ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ १८५५ ची. सहा-सात वर्षांत एकाच शास्त्राला तीन नावे मिळाली आणि प्रत्येक नावात त्या शास्त्राची निराळी कल्पना दडलेली आहे. लक्ष्मी म्हटले की संपत्तीबरोबर शुभाचाही भाव येतो. देशव्यवहार म्हटले की राज्यकारभार डोळ्यांपुढे उभा राहतो. टिकले ते तिसरे नाव. कौटिल्याच्या ग्रंथाचे हस्तलिखित तेव्हा हाती आलेले नव्हते. ते १९०५ मध्ये उजेडात आले आणि १९०९ मध्ये छापले गेले. त्यामुळे १८५५ चा ‘अर्थशास्त्र’ हा शब्द प्राचीन परंपरेचा वारसा म्हणून आलेला नसून इंग्रजी शास्त्राला दिलेले संस्कृत वस्त्र आहे. पुढे परंपरेचे मूळच सापडल्यावर ते वस्त्र अंगचेच वाटू लागले, हा भाग वेगळा.

महाविद्यालयात मात्र या तिन्ही पुस्तकांना स्थान नव्हते. तेथे मिल आणि फॉसेट होते. या पाठ्यपुस्तकांवरील सर्वांत विचारपूर्वक अभिप्राय न्या. महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात दिला. स्वार्थाने चालणारा, मुक्त स्पर्धेत उतरणारा, भांडवल आणि श्रम हवे तेथे हलवू शकणारा जो मनुष्य पुस्तकात गृहीत धरलेला आहे, तो कोणत्याच समाजात तंतोतंत आढळत नाही आणि हिंदुस्थानात तर जात, रूढी व एकत्र कुटुंब यांनी बांधलेला मनुष्य त्याच्या जवळजवळ उलट आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. हे व्याख्यानही इंग्रजीतच झाले. पाठ्यक्रमावर टीका करायची तरी ती पाठ्यक्रमाच्याच भाषेत, अशी परिस्थिती होती.

प्राध्यापकाविषयीच्या मताला असा अडसर नव्हता. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसनमध्ये इंग्रजी शिकवीत, गणित शिकवीत, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवू लागले. पडेल तो विषय शिकवणारे म्हणून त्यांना ‘मागणीबरहुकूम प्राध्यापक’ अशा अर्थाचे इंग्रजी टोपणनाव पडले होते. त्यात थट्टा आहे, थोडे कौतुकही आहे, आणि विषयतज्ज्ञ ही कल्पना तेव्हा किती नवी होती याचा दाखलाही आहे. अर्थशास्त्रापुरते बोलायचे तर त्या शिक्षकाची खरी परीक्षा वर्गाबाहेर झाली. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे त्यांची साक्ष झाली, मार्च १९०२ मध्ये केंद्रीय विधिमंडळातील त्यांचे अंदाजपत्रकावरील पहिले भाषण गाजले आणि त्याच वर्षी त्यांनी महाविद्यालयाचा निरोप घेतला.

सर्वांत बोलका पुरावा याच्या पुढच्या पिढीतला आहे. मुंबईचे सिडनहॅम कॉलेज १९१३ मध्ये स्थापन झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये डॉ. भीमराव आंबेडकर तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून दरमहा ४५० रुपयांवर रुजू झाले आणि मार्च १९२० पर्यंत राहिले. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात या वर्गाविषयी एक हकीकत आहे. अस्पृश्य मानलेल्या समाजातून आलेल्या या प्राध्यापकाकडे आरंभी विद्यार्थ्यांनी लक्ष दिले नाही. पुढे त्यांची विद्वत्ता आणि विषय उलगडून सांगण्याची हातोटी पाहून वर्ग रंगू लागला आणि इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही परवानगी काढून येऊन बसू लागले.

ही हकीकत इतकी परिचित झाली आहे की तिच्याकडे पुरावा म्हणून पाहण्याचे आपण विसरतो. ‘आधी उपेक्षा, मग आदर’ हा चरित्रवाङ्मयातील रूढ साचा आहे. थोर पुरुषाच्या आयुष्यात त्याच्या थोरवीची पहिली साक्ष नेहमी एखादा अनामिक समूह देतो. कीर यांच्या हकिकतीतील वर्गही असाच अनामिक आहे. तेवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. पण तिचे वजन कोठे आहे हे पाहावे लागते. माझ्या मते ते ‘मग आदर’ यापेक्षा ‘आधी उपेक्षा’ या भागात आहे. प्राध्यापकाने तोंड उघडण्यापूर्वीच विद्यार्थ्यांचे मत तयार होते आणि ते मत जातीने पुरवले होते.

मग ते बदलले कसे? याचे उत्तर प्राध्यापकाच्या वक्तृत्वात शोधण्याची आपल्याला सवय आहे. त्याच चरित्रातील एका दुसऱ्या घटनेशी ताडून पाहिले असता वेगळे उत्तर मिळते. सिडनहॅमला येण्यापूर्वी आंबेडकरांनी रोखे आणि भाग यांच्या व्यवहाराबाबत सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागाराची जात कळताच ग्राहक येईनासे झाले आणि पेढी बंद करावी लागली. विद्या तीच, शास्त्र तेच, माणूस तोच. फरक एवढाच की बाजारातील ग्राहक उठून जाऊ शकत होता. विद्यार्थ्याला सत्र मान्य करून घ्यायचे तर वर्गात बसणे भाग होते. बसावे लागले म्हणून ऐकावे लागले, आणि ऐकल्यावर मत बदलण्याची निदान शक्यता निर्माण झाली. मुक्त स्पर्धा गुणाची पारख करते असे शिकवणाऱ्या शास्त्राच्या प्राध्यापकाला न्याय मिळाला तो बाजारात नव्हे, उपस्थितीच्या सक्तीत. रानड्यांच्या १८९२ च्या टीकेला याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण.

मतपरिवर्तनाची सीमाही त्याच चरित्रात नोंदलेली आहे. प्राध्यापकांच्या खोलीत पिण्याच्या पाण्याचे भांडे होते आणि आंबेडकरांनी त्यातून पाणी घेण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. सहकाऱ्यांना त्यांचे व्याख्यान ऐकण्याची सक्ती नव्हती.

आंबेडकर स्वतःही कोणाचे तरी विद्यार्थी होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील आपल्या शिक्षकांविषयी त्यांनी पुढे कृतज्ञतेने लिहिले. त्यांत ड्यूई आहेत आणि अर्थशास्त्राचे सेलिग्मन आहेत. लंडनच्या एडविन कॅननशी असलेले नाते अधिक रोचक आहे. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपाने आला तेव्हा कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि आपले अनेक मुद्द्यांवर लेखकाशी मतभेद आहेत हे तीतच सांगून टाकले. लेखकाच्या विचारांतील ताजेपणाची दादही दिली. येथे प्राध्यापक विद्यार्थ्याविषयी अभिप्राय देतो आहे, आणि तो व्यक्तीविषयी नसून प्रतिपादनाविषयी आहे. सिडनहॅममधील मुलांच्या ज्या मताची आठवण उरली आहे, त्यात प्राध्यापकाची विद्वत्ता आहे, त्याची वाणी आहे. मूल्य, खंड किंवा चलन यांविषयी त्याने काय सांगितले आणि ते त्यांना पटले की नाही, हे नाही.

याच नोकरीच्या काळात, ३१ जानेवारी १९२० रोजी, ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू झाले. सरकारी महाविद्यालयातील पदामुळे आंबेडकरांचे नाव संपादक म्हणून देता येत नव्हते. पांडुरंग नंदराम भटकर हे संपादक झाले. एकच माणूस दिवसा इंग्रजीत राजकीय अर्थशास्त्र सांगत होता आणि दारिद्र्य, सत्ता व ज्ञान यांच्या वाटपाविषयी मराठीत लिहीत होता. पहिल्याचे श्रोते परीक्षेला बसणारे होते. दुसऱ्याच्या वाचकांपैकी फार थोड्यांना महाविद्यालयाची पायरी चढता आली असती. अनेकांना तर तो अंक दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागत असणार. सप्र्यांनी हिंदीत शब्द जमवले ते अशाच वाचकासाठी. मार्च १९२० मध्ये आंबेडकरांनी सिडनहॅम सोडले, त्याच महिन्यात माणगावची परिषद झाली आणि जुलैत ते अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी लंडनला गेले. प्रवासाच्या खर्चात त्या ४५० रुपयांतून बाजूला टाकलेली शिल्लक होती, शाहू महाराजांचे साहाय्य होते आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज होते.